थांबणारा ट्रॅक्टर



ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की निफाड-दिंडोरीकडे द्राक्षावर केवडा पडायला वेळ लागत नाही. फवारणी तातडीने व्हावी लागते. आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर थांबतो, थोड्या वेळाने आपोआप सुरूही होतो! लगेच महागडा पंप खोलण्याचा सल्ला मिळतो. माझे म्हणणे, आधी पारख करावी.

येऊन-जाऊन असणारे दुखणे ते आलेले असतानाच पाहावे. इंजिन थांबताच टाकीचे झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा आवाज आला व इंजिन चालू झाले, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. तसे नसेल तर गाळणीच्या पेल्यात पाणी साचले आहे का ते पाहा. नंतर फिल्टरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे संपतच नसतील, तर आधीच्या नळीचा एखादा सांधा हवा ओढतो आहे. अशा सांध्यातून डिझेल गळेलच असे नाही, म्हणून तो लवकर सापडत नाही. बुडबुडे नाहीत आणि धारही नाही, तर बहुधा फिल्टर तुंबला आहे.

पंपापुढच्या नळ्यांना मात्र हात लावू नये. तेथली बारीक धार कातडीत शिरते. ते काम मेकॅनिकचे. पण दोष कोठे नाही, एवढे त्याला आपण नक्की सांगू शकतो, आणि तेवढ्याने फवारणीचा दिवस वाचतो.