खोगिराची चार शिंगे



मुलांसाठी इतिहास लिहायचा म्हणजे मोठ्यांच्या ग्रंथातले ताक घ्यावे आणि त्यात तांब्याभर पाणी ओतावे, अशी पुष्कळांची समजूत असते. इंग्लंडातल्या पीटर कॉनोली यांनी हा हिशेब उलटा करून दाखवला. त्यांचा जन्म १९३५ चा; २०१२ साली ते वारले. शिक्षण चित्रकलेचे. १९७५ साली रोमन सैन्यावर त्यांनी पुस्तक काढले, ते मुलांसाठी. मजकूर त्यांचा, चित्रेही त्यांचीच. पुढे ग्रीक फौजा आणि हॅनिबल यांवरची पुस्तके आली, आणि त्यांच्याच पायावर १९८१ साली 'ग्रीस अँड रोम अ‍ॅट वॉर' हा मोठा ग्रंथ उभा राहिला.

आता पाहा, 'घोडेस्वारांनी चाल केली' असे लिहून लेखक मोकळा होतो. चित्रकाराची सुटका एवढ्यावर नाही. स्वाराचा पाय कुठे, हात कशावर, हे कागदावर उतरावेच लागते. आणि रोमन स्वाराला तर रिकीब नव्हती! असा स्वार भाला मारायला गेला की घसरणार, असे बरेच विद्वान धरून चालले होते.

पुरावा तुटपुंजा: थडग्यांवर कोरलेले स्वार, उत्खननात मिळालेले कातड्याचे तुकडे, शिंगांच्या आकाराचे काशाचे पत्रे. त्यांवरून कॉनोलींनी लाकडी सांगाड्याचे खोगीर बनवले. पुढे दोन शिंगे, मागे दोन. ते घोड्यावर चढवून स्वार बसवला. शिंगांनी मांड्या आणि कंबर अशी आवळून धरली की, कडेला झुकून वार करता येऊ लागला. निरुपयोगी भरीला आपण खोगीरभरती म्हणतो. इथे सारा वाद खोगिराच्या पोटातलाच! आत लाकूड होते की नाही, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. पण स्वार पडला नाही, हे खरे.

१९८८ साली ही सगळी विद्या पुन्हा मुलांच्या हाती आली. टायबेरियस क्लॉडियस मॅक्सिमस नावाच्या शिपायावर कॉनोलींनी दोन छोटी पुस्तके लिहिली. शिक्षकमंडळींनी ध्यानात घ्यावे, हा नायक कल्पनेतला नव्हे. ग्रीसमध्ये फिलिप्पीजवळ १९६५ साली त्याची शिळा सापडली. ती त्याने जिवंतपणीच करवून घेतली होती. डेशियाचा राजा डेसिबॅलस याला आपण गाठले आणि त्याचे शिर सम्राट ट्रेजनकडे नेले, असे तो तीवर सांगतो. ही गोष्ट इ. स. १०६ मधली. शिळेवर त्याचा घोडा दौडतो आहे, समोर डेसिबॅलस कोसळतो आहे, आणि स्वाराच्या पायाखाली रिकीब नाही.