किल्ली ज्याच्या हाती, भार त्याच्या माथी



कामगार संघटनेच्या माणसाने संगणकावरील चित्रांच्या बाजाराविषयी काय बोलावे, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. पण एकाची मिळकत दुसऱ्याच्या ताब्यात जाते आणि कराराचा कागद मात्र ताबेदार एकटाच लिहितो, तिथे आमचा संबंध येतोच.

प्रथम वस्तू समजून घेऊ. ज्याला एन.एफ.टी. म्हणतात, ते खरे पाहता चित्र नव्हे. ती चित्राच्या मालकीची नोंद आहे. सातबारा म्हणजे जमीन नव्हे, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की, ही नोंद एका गुप्त किल्लीने फिरते. किल्ली ज्याच्या हाती पडली, तो नोंद आपल्या नावावर करून घेतो आणि ती परत फिरवायला कोणी तलाठी नसतो. काही जण किल्ली स्वतःजवळ ठेवतात. पुष्कळ जण ती बाजारपेठेच्या स्वाधीन करतात. मग दरोडा पडला तर नुकसान कोणाचे?

हा प्रश्न आपल्या दारात आलेला आहे. मुंबईच्या वझीरएक्स या पेढीने 2021 साली चित्रकारांसाठी असा बाजार उघडला होता. तिचा मुख्य धंदा आभासी चलनाचा. 18 जुलै 2024 रोजी तिच्या तिजोरीतून सुमारे दोन हजार कोटी रुपयांचा ऐवज गेला. अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी जानेवारी 2025 मध्ये या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या टोळीवर ठेवला. इकडे पेढी आणि तिला तिजोरीची यंत्रणा पुरविणारी कंपनी एकमेकींकडे बोट दाखवू लागल्या. ग्राहक भारतातला, पैसा भारतातल्या बँकेतून गेलेला. पण तडजोडीची योजना मंजूर झाली ती सिंगापूरच्या हायकोर्टात, ऑक्टोबर 2025 मध्ये. कारण करारातली कंपनी तिथली! त्या योजनेत तोटा सर्वांवर वाटला गेला. ज्यांचे नाणे चोरीस गेलेच नव्हते, त्यांनाही वाटा उचलावा लागला.

त्याच महिन्यात मद्रास हायकोर्टाने एका ग्राहक स्त्रीला अंतरिम संरक्षण दिले. आभासी चलन ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते, आणि सिंगापूरचे नाव सांगून भारतीय न्यायालयाची वाट अडवता येत नाही, असा त्या निर्णयाचा रोख आहे. लंडनच्या हायकोर्टानेही 2022 साली एन.एफ.टी.ला मालमत्ता मानून चोरीच्या प्रकरणात मनाई हुकूम दिला होता. वस्तू मालमत्ता ठरली की, ती सांभाळणाऱ्यावर जबाबदारी येते. म्हणून या निर्णयांचे मोल मोठे आहे.

आता आपले कायदे पाहा. 2022 च्या सरकारी निर्देशांप्रमाणे असा दरोडा पडल्यावर सहा तासांत सरकारी यंत्रणेला कळवावे लागते. 2023 च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात हयगयीबद्दल अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो दंड सरकारी तिजोरीत जायचा. ज्याचे गेले त्याच्या हाती काय? माहिती न जपल्याबद्दल भरपाई देणारे कलम 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात होते, तेही वगळण्याचे या नव्या कायद्याने ठरविले आहे. दंड पाहिजेच, पण दंड म्हणजे भरपाई नव्हे.

बाजारवाले म्हणतात, “आम्ही नुसते मध्यस्थ; अटी वाचूनच तुम्ही होकाराचे बटण दाबलेत.” हा होकार रायगडच्या माणसाला नवा नाही. खोतीच्या काळात कुळही कबुलायतीवर अंगठा उठवीत असे. चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून 1939 पर्यंत संप चालविला, तो त्या खोतीच्या जाचाविरुद्धच. नाइलाजाने दिलेली संमती ही संमती नव्हे, हे कामगार कायद्यानेही मानले. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात असे कलम होते की, कामगाराने भरपाईचा हक्क करारात सोडून दिला, तरी तो करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. अपघात कामावर झाला की मालकाचा दोष सिद्ध करीत बसण्याची पाळी जखमी माणसावर येऊ नये, हे त्या कायद्याचे मर्म होते.

बँकांच्या बाबतीतही ही वाट पडलेली आहे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. बँकेला जे लागू, ते चित्रांच्या तिजोरीला का नसावे?

यावर एक आक्षेप रास्त आहे. लहान पेढीवर सगळा बोजा टाकला, तर ती बुडेल आणि भरपाईही बुडेल. म्हणून विमा सक्तीचा हवा. मोटार लहान मालकाची असली, तरी तिसऱ्या पक्षाचा विमा उतरविल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. आणि ज्याने किल्ली स्वतःजवळ ठेवून ती आपल्या हाताने भामट्याला दिली, त्याचा तोटा बाजाराच्या माथी मारावा असे आम्ही म्हणत नाही. मागणी एवढीच: ज्याने किल्ली सांभाळण्याचे पत्करले आणि त्याबद्दल दलाली घेतली, त्याने आपली निर्दोषता स्वतः सिद्ध करावी, न जमल्यास भरपाई द्यावी.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते. मुरूड-रेवदंड्याच्या माणसाला अलिबागचा जिल्हा आयोग आहे. करारच अन्याय्य असेल, तर राज्य आयोगाकडे जावे. निव्वळ नफ्याच्या व्यापारासाठी घेणारा या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. पण स्वयंरोजगारावर पोट भरणारा कलावंत ठरू शकतो. तेव्हा कराराची प्रत, पैसे दिल्याच्या पावत्या आणि पेढीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा. एकट्याने जाऊ नका. ज्यांचे नुकसान एकसारखे आहे, त्यांना मिळून एक तक्रार करता येते. एकेकट्याला जे ऐकवले जात नाही, ते पन्नास जणांनी मिळून ऐकवता येते, हा आमच्या चळवळीचा अनुभव आहे.