तर आणि तरच
(चंद्रपूर इथं युवक कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण)

दोस्तांनो, मी गोदीत बोझा उचलणारा माणूस, शिक्षण मॅट्रिक. कवी असलो तरी आज कविता ऐकवणार नाही. आज 'इफ'वर बोलायचंय.

शाळेत आपल्या सगळ्यांकडून एक निबंध लिहून घेतात. 'मी पंतप्रधान झालो तर'. मराठी पोराला म्हणते, झालो तर. म्हणजे होऊही शकतोस बाबा. हाच विषय इंग्रजीत काय होतो? 'इफ आय वेअर द प्राइम मिनिस्टर'. त्या 'वेअर'नं आधीच सांगून टाकलं, तू काही पंतप्रधान नाहीस, ही नुसती कल्पना.

खरी मेख इथं आहे. मराठीत 'तर'च्या आधी भूतकाळाचं रूप येतं, पण बोलणं पुढचं असतं. 'पट्टा मिळाला तर बांबू तोडू.' हे शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं की होतं, 'इफ वी गॉट द टायटल, वी वुड कट द बांबू'. व्याकरण चुकलं नाही, पण दावा पातळ झाला. साहेब वाचतो, यांनाच खात्री नाही. तिथं पाहिजे, 'इफ वी गेट द टायटल, वी विल कट द बांबू'. 'इफ'च्या बाजूला साधा वर्तमान, दुसऱ्या बाजूला 'विल'. 'मिळेल तर' डोक्यात असतं म्हणून काहीजण 'इफ वी विल गेट' लिहितात, तेही नको.

आणि गाडी निघून गेल्यावर? 'मिळाला असता तर तोडला असता.' 'इफ वी हॅड गॉट द टायटल, वी वुड हॅव कट द बांबू.' 'इफ'च्या बाजूला 'वुड हॅव' घुसवायचं नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला हे वाक्य वापरायची पाळी आली नाही. वनहक्क कायदा २००६चा, सामूहिक हक्क २००९ला मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना हातात यायला २०११ उजाडलं. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून नाव घेऊन लिहिलेला, तरी दोन वर्षं! शर्त पुरी झाली तरी सरकारी 'विल' आपोआप येत नाही, हे व्याकरणाच्या पुस्तकात नसतं.

तुम्ही म्हणाल, दावा मराठीत भरतात, मग ही झकमारी कशाला? कारण हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट इंग्रजीत चालतं आणि कायद्याचा अधिकृत मजकूरही इंग्रजीच. त्याचं कलम ३(२) बघा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा कामांना जंगलजमीन द्यायची, पण 'ओन्ली इफ': प्रत्येक वेळी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, आणि ग्रामसभेची शिफारस. नुसत्या 'इफ'चा अर्थ, शिफारस केली तर मिळेल. नाही केली तर काय, ते वाक्य सांगतच नाही. 'ओन्ली इफ' म्हणजे तरच. शिफारस नाही तर जमीन नाही. आपल्याकडं एका 'च'चं काम. भाषांतर करताना तो 'च' गळाला की ग्रामसभा गळाली.

'अनलेस'च्या पोटात 'नॉट' आधीच बसलेला असतो. 'अनलेस द ग्रामसभा रेकमेंड्स' एवढंच लिहा. पुन्हा 'डज नॉट' जोडलंत तर अर्थ उलटा फिरतो.

आता आपल्या माणसांचं. जंगलातल्या गावात आदिवासींच्या शेजारी आपलीही घरं आहेत. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना कायदा जादा शर्त घालतो. १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्या, पिढी २५ वर्षांची, म्हणजे ७५ वर्षं. पण कशाची ७५ वर्षं? वाक्य नीट वाचा. तीन पिढ्या हे शब्द जंगलात राहण्याला लागलेत, जमिनीच्या त्या तुकड्यावरच्या ताब्याला नाही. ताबा १३ डिसेंबर २००५च्या आधीचा पाहिजे, बस्स. कुणी ७५ वर्षांच्या ताब्याचा कागद मागितला तर ह्या वाक्यावर बोट ठेवा. कुठली शर्त कुठल्या क्रियापदाला बांधलीय, एवढंच बघायचंय. आम्ही गोदीत दोर कुठल्या गाठोड्याला बांधलाय ते बघूनच यारीला हात करतो.

बरं, वह्या काढा. 'उपविभागीय समितीने दावा नाकारला तर आम्ही जिल्हा समितीकडं जाऊ.' लिहा. 'इफ द कमिटी रिजेक्ट्स अवर क्लेम, वी विल गो टू द डिस्ट्रिक्ट कमिटी.' 'रिजेक्टेड' नाही, 'रिजेक्ट्स'. आणि पुढं 'विदिन सिक्स्टी डेज' जोडा, मुदत ६० दिवसांचीच आहे.