ऐकावे जनाचे : नभोवाणी, विज्ञान आणि नीती



व्याख्यानमालेत ऐकण्याविषयीच बोलावे, हे तसे उचितच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून मराठी माणूस उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरातला उकाडा मागे टाकून चार शहाण्या गोष्टी ऐकायला बाहेर पडत आला आहे. नागपूरच्या उन्हाची कीर्ती आम्ही आपणांस सांगायला नको. त्या उन्हातून आपण इतके जण आलात, त्यावरून ऐकण्याची हौस अजून शाबूत आहे असे आम्ही समजतो आणि त्या हौसेविषयीच चार शब्द बोलतो.

आमचा विषय आहे नभोवाणीवरील रूपक, म्हणजे ध्वनिरूपक. आणि त्यातही विज्ञान, नीती व समाज यांचा जेथे एकमेकांशी संबंध येतो, तेथील प्रश्न हाताळणारे रूपक. प्रथम शब्द नीट समजून घेऊ. बातमी काय घडले ते सांगते. भाषणात वक्त्याचे मत कळते. श्रुतिकेत कल्पित पात्रे बोलतात. रूपकाचे तसे नाही. त्यात खरी माणसे, खरे आवाज, खऱ्या जागा असतात, आणि त्या सर्वांना एका प्रश्नाच्या सूत्रात ओवणारा निवेदक असतो. आपल्याकडच्या कीर्तनाची ज्यांना सवय आहे त्यांना ही रचना परकी वाटू नये. पूर्वरंगात बुवा सिद्धान्त मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. सिद्धान्त डोक्यात राहतो, आख्यान काळजात उतरते, आणि दोन्ही मिळून श्रोता काही निराळा होऊन घरी जातो. चांगल्या रूपकातही शास्त्रज्ञाचा सिद्धान्त आणि माणसांचे आख्यान यांची अशीच सांगड असते.

हे रूपक घडले कसे, तेही थोडे पाहू. आपले नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या काळी कार्यक्रम मुख्यतः स्टुडिओतच घडत. ध्वनिमुद्रणाची साधने अवजड होती. ती उचलून शेताच्या बांधावर नेणे सोपे नव्हते. म्हणून शेतकऱ्याचे बोलणे लिहून आणावे आणि ते नटाने वाचावे, असा प्रकार जगभर चाले. दुसऱ्या महायुद्धानंतर फितीवर मुद्रण करणारी यंत्रे हळूहळू हलकी झाली, आणि ध्वनिवाहक माणसाच्या दारापर्यंत जाऊ लागला. १९५८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्कर याने बीबीसीसाठी जॉन ॲक्सन नावाच्या आगगाडीच्या चालकावर एक गीतमय रूपक केले. त्यात नटांऐवजी रेल्वेच्या कामगारांचेच आवाज त्याने ठेवले. आपल्याकडे मेलव्हिल डी मेलो यांना गीरच्या सिंहांवरील रूपकासाठी १९६४ साली ‘प्री इटालिया’ हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. गांधीजींच्या अंत्ययात्रेचे तासन्‌तास चाललेले धावते वर्णन ज्यांनी देशाला ऐकवले, तेच हे डी मेलो.

यंत्र हलके झाले ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण तिच्यामुळे एक मोठा बदल झाला. ज्याच्याविषयी बोलले जात होते तो स्वतः बोलू लागला.

आता याचा विज्ञानाशी आणि नीतीशी संबंध काय, असे आपण विचाराल. त्यासाठी आम्ही दूरचे उदाहरण घेत नाही. येथून जवळच अंबाझरी तलाव आहे. २०२३ च्या सप्टेंबरात, ऐन गणपतीत, २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. तलाव सांडव्यावरून वाहू लागला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली, हजारो घरांत चिखलपाणी झाले, माणसे दगावली. पुढे सांडव्यापुढील बांधकामाचा आणि नदीच्या अडलेल्या पात्राचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. हे सर्व आपण जाणता. आपल्यापैकी कित्येकांनी त्या दिवशी नातलगांच्या घरातला चिखलही उपसला असेल.

समजा, त्या रात्रीवर कोणी रूपक करावयास निघाला. त्याला प्रथम जलशास्त्र जाणणारा माणूस गाठावा लागेल. तो सांगेल की, मातीवर पडलेला पाऊस मुरतो आणि सिमेंटवर पडलेला धावतो; पाणलोटात इमारती आणि रस्ते वाढले की तेवढाच पाऊस अधिक पाणी घेऊन आणि अधिक लवकर तलावावर येऊन आदळतो; आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या तलावाच्या सांडव्याला आज किती पाणी वाहून न्यावे लागेल, याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. हे झाले विज्ञान. पण येथे रूपक संपले तर ते शाळेतला धडा होईल.

कारण पुढचे प्रश्न निराळे आहेत. पाणी सोडायचे तर कोणाच्या बाजूला? नदीचे पात्र रुंद करायचे तर कोणाचे घर हलवायचे, मंजूर नकाशाच्या बंगल्याचे की नाल्याकाठच्या झोपडीचे? पूर्वसूचना द्यायची तर ती ज्याच्यापाशी मोटार आहे त्याला पुरेल, की धुणीभांडी करून रात्री अकराला अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या बाईलाही पुरेल? या प्रश्नांची उत्तरे पर्जन्यमापकात सापडत नाहीत. ती माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहून द्यावी लागतात. पण पर्जन्यमापकाकडे न पाहता दिलेली उत्तरेही कुचकामाची ठरतात. विज्ञान आणि नीती यांची गाठ येथे पडते. आणि ही गाठ श्रोत्याला ऐकू यावी, एवढेच रूपकाचे काम आहे.

येथे आम्ही एक भेद आपल्यापुढे ठेवू इच्छितो, कारण पुष्कळ कार्यक्रम त्यावाचून बिघडतात. ‘आम्ही दोन्ही बाजू मांडतो’ असे अभिमानाने सांगण्याची पद्धत आहे. पण पाऊस किती पडला, याला दोन बाजू नसतात. मोजमाप बरोबर असते किंवा चूक असते. तेथे एका बाजूला शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूला मनाला येईल ते बोलणारा बसवला, तर त्याला निःपक्षपात म्हणता येणार नाही. ती सरळ दिशाभूल होय. उलट, कोणाचे घर हलवावे या प्रश्नाला दोनच काय, पाच-सात बाजू असतात, आणि तेथे एका तज्ज्ञाच्या तोंडून निकाल वदवून घेणे हीही तितकीच दिशाभूल होय. कोठे मोजमापाला मान द्यायचा आणि कोठे माणसांना, हे ज्या निवेदकाला कळते त्यालाच या कामाचा अधिकार आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. कानाला कपडे दिसत नाहीत, पदवी दिसत नाही, खुर्ची दिसत नाही. म्हणून नभोवाणीवर सारे समान, असे म्हणण्याचा मोह होतो. पण कानाला बोली ऐकू येते! अभियंता इंग्रजीमिश्रित पुस्तकी मराठीत बोलतो आणि नाल्याकाठची बाई आपल्या नागपुरी-वऱ्हाडी वळणाने बोलते. आपली ही बोली गमतीच्या प्रसंगापुरती वापरायची आणि ज्ञानाच्या प्रसंगी बाहेर ठेवायची, असा एक रिवाज पडून गेला आहे. पाणी आधी कोणत्या बाजूने आले आणि किती वेळात चढले, हे त्या बाईला ठाऊक असते, आणि कोणत्याही कागदावर नसलेली ती माहिती असते. तिचे बोलणे ‘शुद्ध’ करून दुसऱ्याकडून वाचून घेतले, तर शब्द उरतील आणि साक्ष हरवेल.

तिसरी गोष्ट कात्रीची. तासाभराच्या बोलण्यातून दीड मिनिट निवडताना, ‘पण’ या शब्दाच्या आधी फीत कापली तर माणसाचा अर्थ उलटा होतो. ज्याचे घर वाहून गेले त्याचा हुंदका मुद्रित करणे सोपे आहे. तो लोकांना ऐकवावा की नाही, हे त्याला विचारणे कठीण आहे. जो कार्यक्रम इतरांची नीती तपासायला निघतो, त्याने आपली कात्री प्रथम तपासावी.

इथवर आम्ही रूपक करणाऱ्याविषयी बोललो. पण या व्यवहारातला अर्धा वाटा ऐकणाऱ्याचा आहे, आणि आमचे खरे सांगणे त्याविषयीच आहे.

त्यासाठी आपल्याच मराठी मुलखात झालेला एक प्रयोग आपणांस सांगितला पाहिजे. १९५६ च्या फेब्रुवारीत पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत दीडशे गावांतून श्रोत्यांची मंडळे बसवली. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा या कामी पुढाकार होता. मूळ कल्पना कॅनडातली. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालत, आणि वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्यांचे बोधवाक्य होते. आपल्याकडे एकेका मंडळात सुमारे वीस माणसे असत. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, गावचा कारभार असे विषय असत. कार्यक्रम संपला की यंत्र बंद करायचे आणि ऐकलेल्यावर बोलायचे. चिटणीसाने शंका लिहून केंद्राकडे धाडायच्या, आणि पुढल्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे यायची.

प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी तीत प्रमुख भाग घेतला. तुलनेसाठी दोन प्रकारची गावे निवडली होती. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते; काही गावांत रेडिओही नव्हता. निष्कर्ष मोठा बोलका निघाला. जेथे मंडळ बसले तेथे लोकांच्या माहितीत झालेली वाढ डोळ्यांत भरण्याजोगी होती. आणि जेथे नुसता रेडिओ होता? तेथे वाढ अगदीच थोडी. कार्यक्रम तोच, भाषा तीच. फरक एवढाच की, एके ठिकाणी ऐकल्यावर माणसे एकमेकांशी बोलली आणि दुसऱ्या ठिकाणी उठून गेली.

आपल्या जुन्या लोकांनी श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या, त्या उगीच नव्हेत. नभोवाणी पहिल्या पायरीवर आणून सोडते. पुढल्या दोन आपण चढायच्या असतात.

१९५९ साली ही मंडळांची योजना देशभर नेण्यात आली, आणि हजारो गावांत ती पसरली. पुढे दूरदर्शन आले, उत्साह ओसरला, आणि मंडळे विस्कटली. १९९० च्या दशकाच्या आरंभी आकाशवाणीने राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेच्या सहकार्याने मानवाच्या उत्क्रांतीवर १४४ भागांची मालिका अनेक भारतीय भाषांतून ऐकवली; तीतही बालश्रोत्यांची नावे नोंदवून त्यांना सहभागी करून घेतले होते. म्हणजे ज्यांनी ज्यांनी हे काम मनापासून केले, त्यांनी त्यांनी श्रोता नुसता कान नसतो हे ओळखले होते.

आज कोणी म्हणेल, रेडिओ आता ऐकतो कोण? आमचे म्हणणे असे की, आवाज आज पूर्वीपेक्षा अधिक ऐकले जातात. पॉडकास्ट म्हणून जे काही मोबाईलवर येते, ते जुन्या रूपकाचेच धाकटे भावंड आहे. पेट्यांची उणीव नाही. उणीव आहे ती मंडळाची. प्रत्येकाने कानात आपापली बोंडे घालायची, आपल्याला रुचेल तेवढेच ऐकायचे, आणि पटले नाही की बोट फिरवून पुढे जायचे. ज्याचे म्हणणे आपल्याला रुचत नाही, त्याच्या शेजारी अर्धा तास बसण्याचा प्रसंगच उरला नाही. आणि पूर, औषधे, वाघ, बियाणे, वीजघरांचा धूर हे विदर्भाचे सारे प्रश्न असे आहेत की, शेजाऱ्याला वगळून ते सुटणारे नाहीत.

म्हणून आम्ही आपल्यापुढे एक साधी सूचना मांडतो. प्रताप नगरात वीस माणसांचे एक श्रवणमंडळ निघावे. वाचनालयाची खोली चालेल, देवळाचा सभामंडप चालेल, नाही तर कोणाची गच्ची. पंधरा दिवसांतून एकदा अर्ध्या तासाचे एखादे चांगले रूपक लावावे, नंतर यंत्र बंद करून तासभर बोलावे. मंडळात निवृत्त अभियंता असावा, तशी त्याच्या घरी काम करणारी बाईही असावी, आणि तिने सतरंजीच्या कडेला न बसता मध्ये बसावे. एकाने शंका लिहाव्यात. त्या आकाशवाणीकडे, महानगरपालिकेकडे, आणि पाणी-हवेचे शास्त्र जाणणारी नीरीसारखी राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे, तिच्याकडे धाडाव्यात. उत्तर आले तर वाचावे. न आले तर पुन्हा लिहावे. दीडशे गावांतल्या शेतकऱ्यांना जे १९५६ साली जमले, ते शिकल्यासवरल्या वस्तीला जमू नये असे आम्हांला वाटत नाही.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी म्हण आहे. आपण तिचा उत्तरार्ध तेवढा मनोभावे पाळतो. पूर्वार्धही पाळून पाहावा. जनाचे नीट ऐकले की मनही पूर्वीचे राहत नाही, आणि मग मनाचे केले तरी ते जनाच्या हिताला फारसे सोडून जात नाही.

आता निदान अर्धा तास आपण बोलावे आणि आम्ही ऐकावे, एवढी विनंती अध्यक्षमहाराजांना करून आम्ही खाली बसतो.