तुरटी वाढवा, एवढेच उत्तर नव्हे
(पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांच्या शिबिरातील भाषण)



वसाहतीच्या नळाला गढूळ पाणी आले की पहिला ठपका फिल्टर हाऊसमधील खलाशावर येतो. वरून हुकूम सुटतो, "तुरटी वाढवा." टपाल खात्यातील बांधवांच्या घरी पाणी बहुधा नगरपालिकेचे येते, पण तेथील पंपचालकाचीही गत तीच. आमचे म्हणणे एवढेच, की आधी दोष शोधा, मग हुकूम द्या.

पहिली तपासणी : ठरवलेली तुरटी पाण्यात खरोखर पडते का? द्रावणाच्या टाकीत गाळ बसतो, नळी तुंबते, तुरटीचे खडे पुरते विरघळत नाहीत. नोंदवहीत पोती चढतात, पाण्यात मात्र तेवढी उतरत नाहीत. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन द्रावणाची धार मोजली की उलगडा होतो.

दुसरी, जार टेस्ट. त्याच दिवशीचे कच्चे पाणी सहा भांड्यांत एकेक लिटर घ्यावे व प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा घालावी. एक मिनिट जोरात, मग १५ ते २० मिनिटे सावकाश ढवळावे आणि अर्धा तास निवळू द्यावे. भांड्यात गाळाच्या गुठळ्या चांगल्या बसल्या, पण टाकीत बसत नाहीत, तर दोष यंत्रणेत आहे. तुरटी पडताच पाणी नीट घुसळले जात नसेल, वल्ही फार वेगाने फिरून गुठळ्या मोडत असतील, नाहीतर टाकीतला गाळ वेळेवर काढलेला नसेल. भांड्यातही गुठळ्या जमल्या नाहीत, तर दोष पाण्यात किंवा औषधात आहे.

तिसरी, पी.एच. व अल्कता. एक भाग तुरटी सुमारे अर्धा भाग अल्कता खाते. पावसाळ्यात गढूळपणामुळे तुरटी जास्त लागते, आणि नेमकी तेव्हाच पावसाच्या पाण्याने अल्कता घटलेली असते. अशा वेळी नुसती तुरटी वाढवत गेल्यास पी.एच. घसरतो, गुठळ्या जमत नाहीत आणि ॲल्युमिनियम विरघळलेल्या रूपात नळापर्यंत जाते. तेथे उपाय चुन्याचा, आणि त्याचीही मात्रा जार टेस्टनेच ठरवायची. उत्तरेकडे हिवाळ्यात पाणी गार असल्याने गुठळ्या उशिरा जमतात, हेही ध्यानात ठेवावे.

हा प्रश्न नुसत्या स्वच्छ दिसण्याचा नाही. गाळाच्या कणांआड दडलेल्या जंतूंपर्यंत क्लोरिन पोहोचत नाही. १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह बदलून नजफगड नाल्याचे सांडपाणी दिल्लीच्या वजिराबाद केंद्रात शिरले. तुरटी व क्लोरिनमुळे इतर जंतूंचे रोग रोखले गेले, पण काविळीने सुमारे २९,००० लोकांना गाठले. मूळ पाणी बिघडले असताना नुसत्या मात्रेवर भिस्त ठेवता येत नाही, हा त्याचा धडा.

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. हे मानक पाळायचे तर साधने हवीत. म्हणून आमच्या मागण्या अशा : प्रत्येक केंद्रावर जार टेस्टचे यंत्र, पी.एच. व गढूळपणा मोजण्याची साधने द्या. प्रत्येक पाळीत प्रशिक्षित माणूस नेमा. चाचणीवरून मात्रा बदलण्याचा अधिकार त्याला द्या. आणि चाचणीची नोंद पाहिल्याशिवाय कोणावरही कारवाई करू नका.

बंधूंनो, शाखांनी आपापल्या केंद्राची पाहणी करून त्रुटी लेखी मांडाव्यात. हे पाणी आपलीच मुलेबाळे पितात.