इरावतीबाईंचे संशोधन



विद्यापीठांत आज विषयांच्या भिंती फार उंच झाल्या आहेत. इरावती कर्वे यांनी त्या कधी मानल्याच नाहीत. बर्लिनमध्ये 1928 ते 1930 या काळात त्यांनी मानवी कवट्या मोजल्या. कवटीच्या ठेवणीतून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व सिद्ध व्हावे, ही मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा; मोजमापांत तिला आधार मिळाला नाही आणि बाईंनी तसे स्पष्ट लिहिले. परक्या देशातील विद्यार्थिनीचे हे धैर्य सामान्य नव्हे!

1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय नातेव्यवस्थेचा अभ्यास उभारला. त्यासाठी गावोगाव हिंडल्या, तसेच वेदांतील व महाभारतातील नातेवाचक शब्दही तपासले. 'युगान्त' (1967) हा ग्रंथ याच दीर्घ परिश्रमाचे फळ. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती आधाराला घेऊन त्यांनी कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे हाडामांसाची माणसे म्हणून पाहिले. काही निष्कर्ष श्रद्धावंतांना बोचले. बोचोत बापडे, ग्रंथावरील प्रेमाशिवाय इतके बारकाईचे वाचन होत नाही.

हस्तिनापुरातील कुटुंबांत रमलेल्या या विदुषीने उतारवयात कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांचीही पाहणी केली. जाई निंबकर यांच्यासह केलेले ते काम 1969 मध्ये प्रसिद्ध झाले.