मुलांच्या दिवसांची वाटणी
(सांगली येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



आपण कृष्णाकाठची माणसे. शेताची वाटणी व पाण्याच्या पाळ्या आपणांस ठाऊक आहेत. परंतु विभक्त झालेल्या आईबापांनी लेकराचे दिवस त्या हिशेबाने वाटू नयेत, असे आम्हांस वाटते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याप्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. पण मुलाचे हित त्याने सर्वश्रेष्ठ मानले आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, दोघांच्याही मायेवर मुलाचा हक्क आहे, असे सांगितले. म्हणजे भेटीचा दिवस मुख्यतः मुलाचा होय.

न्यायालय वार व वेळ ठरवील, दिवाळीची व मे महिन्याची सुट्टी विभागून देईल. परंतु निघताना मुलाच्या कानी काय पडते, परतल्यावर त्याची उलटतपासणी होते काय, हे घरच्यांच्याच हाती. येथे आजी-आजोबा, मामा, आत्या यांचे उत्तरदायित्व मोठे. मुलास निरोप्या करू नये. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये. भेट अडली म्हणून पोटगी थकवू नये.

सोयरीक तुटली तरी आई आईच राहते, बाप बापच. ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी एवढे सांभाळावे, ही नम्र विनंती.